चोपन्न गुणसूत्रे : बालकांच्या ल्युकेमियाच्या संशोधनाचा इतिहास

मराठीत 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पहिला शब्द जनुकांशी संबंध असलेल्या कोणत्याही गोष्टीस लावावा, दुसरा आईबापांकडून अपत्याकडे उतरणाऱ्या गोष्टीस. हिंदीच्या सरकारी परिभाषेत मात्र दोहोंचे काम बहुधा 'आनुवंशिक' या एकाच शब्दावर भागवले जाते. जनुकांच्या शास्त्रालाही तेथे 'आनुवंशिकी' म्हणतात. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत आमची सारी उमेद हिंदीत टिपणे लिहिण्यात गेली आणि घरात भाषा मराठी राहिली. अशा दुभाषी इंदूरकराला हा भेद पहिल्यापासून उमगायला हवा होता. तो उमगला नाही, आणि त्याची किंमत आम्हांस नव्हे, दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली.

गोष्ट १९९८ सालची. एका जिल्हा कचेरीत आमच्याकडे इतर कामांबरोबर गरीब रुग्णांच्या आर्थिक साहाय्याचे अर्जही येत. सोबतचे इंग्रजी वैद्यकीय कागद समितीच्या सदस्यांना कळावेत म्हणून त्यांचा हिंदी गोषवारा टिपणीत घालावा लागे. असाच एक अर्ज चार वर्षांच्या मुलाचा होता. बाप शेतमजूर. मुलाला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता आणि त्याच्या अस्थिमज्जेच्या तपासणीचा अहवाल मुंबईहून आलेला होता. त्यात गुणसूत्रांची संख्या ५४ लिहिली होती. महाविद्यालयात आम्ही माणसाची गुणसूत्रे ४६ असतात असे घोकले होते. त्यामुळे ही टंकलेखकाची चूक असावी, असा आमचा समज झाला. म्हणूनच तो आकडा आजवर लक्षात राहिला. खालच्या ओळीत 'जेनेटिक ॲब्नॉर्मॅलिटी' असे शब्द होते. आम्ही त्यांचे 'आनुवंशिक विकृति' असे भाषांतर केले आणि टिपणी पुढे पाठवली. साहाय्य मंजूर झाले. आदेशाची प्रत, गोषवाऱ्यासह, अर्जदाराच्या घरी गेली.

चार महिन्यांनी त्या मुलाचा मामा कचेरीत आला. गावातल्या कोणा शिकलेल्याने तो गोषवारा घरात वाचून दाखवला होता. रोग वंशातला आहे असे सरकारनेच लिहून दिले, मग तो कोणाच्या वंशातला, याचा निवाडा घरच्यांनी केला. मुलाच्या आईचा एक भाऊ लहानपणी तापाने गेला होता. तेवढा पुरावा पुरला. सून मुलासह माहेरी धाडण्यात आली. मामाचे म्हणणे एवढेच होते की साहेब, मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला असे काही सांगितलेले नाही, तेवढा एक शब्द बदलून द्या. आम्ही त्याला समजावले की शब्द शासकीय शब्दावलीतला आहे आणि मंजूर झालेली टिपणी बदलता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शुद्धिपत्रक मात्र काढता आले असते. शेतजमिनीच्या खसरा क्रमांकातला एखादा अंक चुकला तरी आम्ही तत्परतेने शुद्धिपत्रके काढत असू.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा या रोगाचा इतिहास धुंडाळावासा वाटला. वाचकांपुढे तो ठेवण्यामागे आमचा हेतू वरील कथनावरून स्पष्टच आहे.

ल्युकेमिया हे नाव जर्मन रोगनिदानतज्ज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी १८४७ साली दिले. अर्थ 'पांढरे रक्त'. मज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एखादी पूर्ण वाढीस न लागता केवळ स्वतःच्याच प्रती काढत सुटते आणि निरोगी रक्ताला जागा उरत नाही, हे त्याचे स्वरूप. मुलांमध्ये जो प्रकार आढळतो तो बहुतेक वेळा तीव्र, म्हणजे झपाट्याने वाढणारा असतो, आणि त्यातही साधारण पाचात चार वेळा तो लसिकापेशींचा असतो. दोन ते पाच वर्षांच्या वयात त्याचे प्रमाण सर्वांत अधिक. बालपणीच्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळणारा.

कर्करोगाचे मूळ पेशीच्या गुणसूत्रांत असावे, हे अनुमान रोगी न पाहताच केले गेले. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथील थिओडोर बोव्हेरी हे प्राणिशास्त्रज्ञ अर्चिन नावाच्या काटेरी सागरी जीवाच्या अंड्यांचा अभ्यास करीत. एकाच अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की गुणसूत्रांची वाटणी असमान होते आणि पुढची वाढ भरकटते, हे त्यांनी पाहिले होते. १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी असा तर्क मांडला की घातक गाठीचा उगम एकाच पेशीत होत असावा आणि त्या पेशीच्या गुणसूत्रांचा संच बिघडलेला असावा. दुसऱ्याच वर्षी ते वारले. त्यांचे म्हणणे पडताळून पाहण्याचे साधन पुढे चार दशके कोणापाशी नव्हते, कारण माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, हेच नक्की ठाऊक नव्हते. १९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी ४८ हा आकडा सांगितला आणि तीस-बत्तीस वर्षे तोच पाठ्यपुस्तकांत राहिला. ज्यांना ४७ किंवा ४६ दिसत, ते आपलीच मोजणी चुकली म्हणून स्वस्थ बसत. मुंबईच्या अहवालातील आकडा वाचून आम्ही जे केले, त्याची परंपरा अशी जुनी आहे.

तोवर या रोगाने मूल दगावणार हे ठरलेलेच होते. काही आठवडे किंवा थोडे महिने, एवढाच काय तो फरक. त्या काळोखात पहिली फट पडली ती बॉस्टनमध्ये, पण तिचा एक धागा आपल्या परळच्या गिरणगावातून जातो, म्हणून थोडे विषयांतर. ल्युसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका १९२८ साली मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून कापड गिरण्यांतील गरोदर कामकरी स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. ते अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४५ च्या सुमारास कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांना असे दिसले की फॉलिक ॲसिड दिल्याने ल्युकेमिया उलट बळावतो. मग त्याच्या विरोधी द्रव्याने तो हटेल काय? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले ॲमिनोप्टेरिन हे विरोधी औषध फार्बर यांनी १६ मुलांना दिले. त्यांतल्या १० जणांत सुधारणा दिसली. जून १९४८ मध्ये तो वृत्तान्त छापून आला. सुधारणा टिकली नाही, पण रोग काही काळ मागे हटू शकतो, हे जगाने प्रथमच पाहिले. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निवर्तले. ॲमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही या मुलांच्या उपचारात आहे. त्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे, तेव्हा वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

गुणसूत्रे मोजण्याची युक्ती सापडली ती चुकीतून. १९५२ साली टेक्सासमध्ये टी. सी. शू यांच्या हाती मिठाचे प्रमाण कमी पडलेले द्रावण आले. त्यात पेशी फुगल्या आणि एरवी गुंतवळासारखी दिसणारी गुणसूत्रे सुटी सुटी पसरली. ही युक्ती वापरून जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्जियो आणि त्यांचे स्वीडिश सहकारी आल्बर्ट लेव्हान यांनी लुंड येथे मोजणी केली आणि १९५६ साली ४६ हा आकडा पक्का झाला. म्हणजे आम्ही शाळा-कॉलेजात सनातन सत्य समजून पाठ केलेला हा आकडा आमच्या जन्माआधी अवघी तीन वर्षे ठरला होता! १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून यांनी डाउन सिंड्रोमच्या मुलांत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते हे दाखवले. या मुलांना ल्युकेमिया इतरांहून दहा ते वीस पट अधिक होतो. तेव्हा एकविसाव्या गुणसूत्राचा या रोगाशी काही लागाबांधा असावा, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

पहिला ठोस पुरावा १९६० साली फिलाडेल्फियात मिळाला. तेथील विद्यापीठात पीटर नॉवेल ल्युकेमियाच्या पेशी काचेवर वाढवून तपासत असत. त्यांनी एकदा काच साध्या नळाच्या पाण्याने धुतली आणि शू यांच्यासारखाच अनपेक्षित लाभ झाला. गुणसूत्रांचे त्यांना विशेष ज्ञान नव्हते. ते असणारा डेव्हिड हंगरफोर्ड हा तरुण शहरातल्याच दुसऱ्या संस्थेत प्रबंधासाठी विषय शोधत होता. दोघांनी मिळून दीर्घकालीन ल्युकेमियाच्या सात रुग्णांत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र पाहिले. त्या नगरीवरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणतात. हा रोग मुख्यत्वे प्रौढांचा. परंतु शोधाचे महत्त्व वेगळेच होते. हे आखूड गुणसूत्र रुग्णाच्या रोगट रक्तपेशींत असे, शरीराच्या इतर पेशींत नसे. म्हणजे ते जन्मदात्यांकडून आलेले नव्हते. ज्या वर्षी पहिला पुरावा मिळाला त्याच वर्षी आमच्या भाषांतराचे खंडन होऊन गेले होते, असे म्हणावे लागेल.

आखूड झालेला तुकडा गेला कोठे, याचे उत्तर मिळण्यास आणखी तेरा वर्षे लागली. ते देणाऱ्या जॅनेट रावली यांच्याविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. वैद्यकाची पदवी घेऊनही चार मुलांच्या संगोपनासाठी त्या वर्षानुवर्षे आठवड्यातले तीनच दिवस नोकरी करीत. स्वीडनमधील टॉर्ब्यॉर्न कॅस्परसन व लोरे झेक यांनी हिवतापावरील क्विनाक्रिनच्या कुळातील एका द्रव्याने गुणसूत्रांवर उजळ-काळे पट्टे उमटवण्याची पद्धत नुकतीच शोधली होती. पतीबरोबर ऑक्सफर्डला गेल्या असता रावली ती शिकून आल्या. शिकागोला परतल्यावर गुणसूत्रांची छायाचित्रे घरच्या जेवणाच्या मेजावर कात्रीने कापून त्या जोड्या लावीत बसत. मुले म्हणत, आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते आहे. या मेजावर १९७२ साली त्यांना दिसले की तीव्र ल्युकेमियाच्या एका प्रकारात आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांशी बदलले आहेत. मुलांतही आढळणारा हा प्रकार. १९७३ साली त्यांनी फिलाडेल्फिया गुणसूत्राचे कोडे सोडवले: बाविसाव्याचा तुकडा नवव्यावर जाऊन बसला होता आणि नवव्याचा बाविसाव्यावर. जुन्या कचेरीतल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. दोन नस्त्या सुटल्या आणि बांधताना एकीची पाने दुसरीत टाचली गेली, तर कोणीही न काढलेला एक तिसराच आदेश तयार होतो. शिपाई पुस्तकाप्रमाणे त्याची तामीलही करतो.

आता चोपन्नच्या आकड्याकडे येऊ. १९७८ साली लंडनमध्ये लोर्ना सेकर-वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या मुलांची निदानाच्या वेळची गुणसूत्रे आणि पुढची वाटचाल ताडून पाहिली. ज्यांच्या रोगट पेशींत गुणसूत्रे जास्त होती, त्यांचा रोग अधिक काळ दबून राहिला होता. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते. बिघाड मोठा तर परिणामही वाईट असायला हवा. परंतु पुढे देशोदेशींच्या अनुभवाने हेच ठरले. लसिकापेशींच्या ल्युकेमियाच्या मुलांपैकी सुमारे पाव किंवा थोड्या अधिक मुलांत ५० हून अधिक गुणसूत्रे असतात, आणि आजच्या उपचारांनी त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक वाचतात. याचे एक कारण मोठे मनोवेधक आहे. वाढलेल्या गुणसूत्रांत एकविसावे जवळजवळ नेहमीच असते. पेशीत फॉलिक ॲसिड आणि त्याच्याचसारखे मेथोट्रेक्सेट आत नेणाऱ्या दाराचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. जादा गुणसूत्रे म्हणजे जादा दारे. अशी पेशी औषध अधिक ओढून घेते आणि अधिक साठवते. परळच्या गिरणी कामगारणींपासून निघालेला धागा येथे येऊन पोचतो.

मुंबईच्या त्या अहवालातील ५४ ही टंकलेखकाची चूक नव्हती. डॉक्टरांनी तो आकडा लिहिला, तो कदाचित समाधानाने लिहिला असेल. मुलाच्या बाजूने त्या कागदावर जर काही होते, तर तोच आकडा होता. आम्ही त्याला 'विकृति' म्हणून टाचला आणि आईच्या विरुद्ध पुरावा केला.

ही पेशी बिघडते केव्हा, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर जुळ्यांनी दिले. एकसारख्या जुळ्यांत एकाला ल्युकेमिया झाला की दुसऱ्यालाही होण्याची भीती मोठी असते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. रोग आनुवंशिक असल्याचा याहून सबळ पुरावा कोणता, असे कोणीही म्हणेल. लंडनच्या मेल ग्रीव्ह्‌स यांच्या प्रयोगशाळेने १९९३ साली तान्ह्या जुळ्यांच्या तीन जोड्या तपासल्या. अकराव्या गुणसूत्रावरील जे जनुक तुटले होते, ते जोडीतल्या दोघांत नेमके एकाच ठिकाणी तुटलेले निघाले. असा तुटवडा प्रत्येक रुग्णात वेगळ्या जागी असतो, बोटाच्या ठशासारखा. तो जन्मतः सर्व पेशींत मिळालेला वारसा नव्हता. केवळ रोगट पेशींत होता. अर्थ एकच निघत होता: गर्भात असताना एका भावंडाच्या एका पेशीत अपघात झाला आणि त्या पेशीची प्रजा दोघांना समाईक असलेल्या वारेतून दुसऱ्याच्या रक्तात गेली. ग्रीव्ह्‌स यांच्या चमूने वर्णिलेल्या एका जोडीत तर असा समाईक उगम असूनही एका भावंडाला रोग पाचव्या वर्षी आणि दुसऱ्याला चौदाव्याच्या उंबरठ्यावर झाला.

जुळी नसलेल्या मुलांचे काय? येथे एका जपून ठेवलेल्या कागदाने काम केले, ही गोष्ट आम्हां कचेरीवाल्यांना सुखावणारी आहे. रॉबर्ट गथ्री या अमेरिकन संशोधकाच्या पद्धतीनुसार १९६० च्या दशकापासून अनेक देशांत नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन काही जन्मजात विकारांची तपासणी होत असे, आणि ती कार्डे फेकून न देता ठेवली जात. १९९७ साली ग्रीव्ह्‌स यांच्या गटाने पुढे ल्युकेमिया झालेल्या तीन मुलांची कार्डे काढली. वाळलेल्या त्या थेंबांत रोगाची खूण जन्मदिवशीच हजर होती. बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांची अदलाबदल ही मुलांतील सर्वांत सामान्य अदलाबदलींपैकी एक. पट्ट्यांच्या पद्धतीत ती दिसतच नाही, कारण बदललेली टोके दिसायला सारखी असतात. १९९४-९५ साली ती सापडली. १९९९ साली तिच्यासाठी काही मुलांची कार्डे तपासली, तर बहुतेकांत ती जन्मतः होती. जादा गुणसूत्रांचा बिघाडही कित्येकांत जन्मापूर्वीचाच असल्याचे याच मार्गाने कळले.

याहून आश्चर्याची बाब म्हणजे ही बारा-एकवीसची अदलाबदल निरोगी नवजात बालकांतही आढळते. २००२ सालच्या एका अभ्यासात शंभरात एका बालकाच्या नाळेच्या रक्तात ती मिळाली. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात शंभरात पाचांच्या. यांतल्या फारच थोड्यांना, शंभरात जेमतेम एखाद्याला किंवा त्याहूनही कमी मुलांना पुढे रोग होतो. त्यासाठी जन्मानंतर आणखी काही बिघाड व्हावे लागतात. ते कसे होतात याविषयी ग्रीव्ह्‌स यांचे मत असे की तान्हेपणी साध्या संसर्गांची सवय न लागलेल्या शरीराची प्रतिकारयंत्रणा पुढे एखाद्या संसर्गाने अवाजवी खवळते आणि त्या धांदलीत दुसरा बिघाड होतो. मत विचारार्ह आहे. सर्वमान्य झालेले नाही.

आमच्या कामातील दाखला देऊन हे सांगतो. वाड्याचा मूळ दस्तऐवज तिजोरीत शाबूत असतो. नक्कलनवीस त्याच्या प्रती काढत बसतो, आणि हजारो प्रतींतल्या एकीत त्याच्या हातून ओळ वगळली जाते. पुढच्या नकला त्या चुकलेल्या प्रतीवरून निघू लागल्या, तर गावभर खोटा दस्त पसरेल. तरी मूळ दस्तात खोट नाही, आणि तो करून ठेवणाऱ्या आजोबांचा काही दोष नाही. गर्भातील एका पेशीचे बाळ होईपर्यंत जितक्या नकला निघतात, तितक्या काढताना अशी चूक होणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

परंतु हा रोग कधीच वारशाने येत नाही असे म्हटले, तर आम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन तशीच चूक करू. गुणसूत्रे ४६ हून बरीच कमी असलेला एक विरळा आणि दुर्धर प्रकार आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या निरोगी पेशींतही टीपी ५३ या रक्षक जनुकाचा बिघाड मिळाला. तेथे मूळ दस्तातच खोट असू शकते आणि कुटुंबाची तपासणी करणे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. अमेरिकेत २०१५ साली कर्करोग झालेल्या ११२० बालकांच्या व तरुणांच्या निरोगी पेशींचे जनुकवाचन प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ल्युकेमियाच्या रुग्णांपैकी साडेचार टक्क्यांहून किंचित कमी जणांत असा जन्मजात बिघाड निघाला. शंभरात चार-पाच. उरलेल्या पंचाण्णवांच्या आयांना कोणी काही म्हणण्याचे कारण नाही, आणि त्या चार-पाचांच्या आयांनाही नाही. जनुके कोणी निवडून देत नाही, आणि ती एकट्या आईकडून येत नाहीत.

उपचारांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे ओझरतेच सांगतो. मेम्फिस येथील डोनाल्ड पिंकेल यांच्या रुग्णालयात १९६० च्या दशकाअखेरीस निम्मी मुले बरी होऊ लागली. गुणसूत्रांचे ज्ञान उपचारात उतरल्याचे सर्वांत बोलके उदाहरण फिलाडेल्फिया गुणसूत्राचेच. मुलांच्या तीव्र ल्युकेमियात ते शंभरात तीन ते पाच जणांत असते आणि एकेकाळी ते मृत्युलेखच समजले जाई. त्या गुणसूत्राने निर्माण होणाऱ्या प्रथिनाला नेमके अडवणारे इमॅटिनिब हे औषध जोडल्यावर, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षे रोगमुक्त राहणाऱ्या मुलांचे प्रमाण ३५ वरून ८० टक्क्यांवर गेले.

आपल्याकडे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून एक समान उपचारक्रम राबवला आणि ज्या रोगात शंभरात वीसही मुले वाचत नव्हती तेथे ४५ ते ६० वाचू लागली. त्या उपचारक्रमात सर्व मुलांना सारखीच औषधे होती; गुणसूत्रे पाहून उपचार सौम्य वा तीव्र करण्याची सोय नव्हती. ती २०१६ साली सुरू झालेल्या अनेक केंद्रांच्या एकत्रित भारतीय चाचणीत आली. ज्याच्या गुणसूत्रांची साक्ष चांगली त्याला कमी विषारी औषधे द्यावीत, हा तिचा एक उद्देश. आपल्या देशात मुले रोगाइतकीच औषधांनी होणाऱ्या जंतुसंसर्गाने आणि अर्धवट सोडलेल्या उपचाराने दगावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या सौम्यपणाचे मोल कळते. तपासणीला मात्र पैसे पडतात. जिल्ह्याच्या गावातील बापाने प्रथम तिलाच कात्री लावावी, हे आम्ही शेकडो अर्जांत पाहिले आहे.

त्या मुलाचा उपचार तीन वर्षे चालला. साहाय्याचा दुसरा हप्ता मागणारा अर्ज २००० साली आला, तेव्हा आम्ही त्याच कचेरीत होतो. रुग्णालयाचे उपयोगिता प्रमाणपत्र सोबत जोडलेले होते आणि मुलाची प्रकृती उत्तम असल्याचा दाखला होता. या वेळच्या गोषवाऱ्यात आम्ही तो शब्द घातला नाही. घालण्याची गरजही नव्हती. पहिल्या अर्जावर अर्जदार म्हणून बापाचा अंगठा होता. या अर्जावर आईची सही होती, नव्याने शिकलेल्या अक्षरांतली, आणि पत्त्याच्या रकान्यात मुलाच्या आजोळचे गाव होते.